अकरा पेट्यांतला समुद्र

दगडांच्या त्या लांबलचक पत्र्याच्या शेडच्या किल्ल्या दोघांकडेच असत. एक जुडगा सरांकडे, म्हणजे संस्थेच्या प्रमुखाकडे, आणि दुसरा त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. तिला सगळी संस्था ताईच म्हणायची. तीस वर्षांत तिच्या हातून एक दगड हरवला नाही की एक चिठ्ठी चुकली नाही.

शेडमध्ये एका डोंगराचं पोट ठेवलेलं होतं. यंत्रानं वरून खालपर्यंत भोक पाडून मनगटाएवढ्या जाडीच्या कांड्या बाहेर काढल्या होत्या. प्रत्येक कांडी मीटरभर लांब, दोन्ही टोकं करवतीनं सपाट कापलेली, आणि प्रत्येकीला तिची पेटी. अशा दोनशे बारा पेट्या. खालच्या पेट्यांत पांढरा दगड, त्यात सुईच्या टोकाएवढे शंख. वरच्या पेट्यांतही तसाच पांढरा. आणि मध्ये अकरा पेट्या काळ्या कुळकुळीत, शंखाचा मागमूस नाही.

तो डोंगर एके काळी समुद्राचा तळ होता. ज्वालामुखी धुमसले, हवा तापली, पाणी तापलं, तापल्या पाण्यातला प्राणवायू सरला आणि खोलवरचं जे काही जिवंत होतं ते मेलं. मेलेलं धड कुजायलाही प्राणवायू लागतो. तोही नव्हता, म्हणून ते काळं होऊन तळाशी साचत गेलं. पुढे कधीतरी हवा निवली, समुद्र शुद्धीवर आला, शंख परतले. पण मध्ये किती काळ तो असा मेल्यासारखा पडून होता? या एका प्रश्नावर ताईच्या धाकट्या भावानं, म्हणजे सरांनी, आपलं सगळं आयुष्य लावलं होतं. त्याचं म्हणणं असं, की समुद्र मेला चटकन, पण उठायला त्याला फार वेळ लागला.

धाकटा ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. ताईनं शिक्षण सोडलं, संस्थेत नकाशे काढायची नोकरी धरली आणि त्याला शिकवलं. तो शिकला, परदेशी जाऊन आला आणि त्याच संस्थेत तिचा साहेब झाला. तिला त्याचा अभिमानच होता. चारचौघांत ती त्याला ‘सर’ म्हणायची, आणि म्हणताना थोडी हसायची.

एक दिवस त्यानं तिला शेडमागच्या खोलीत नेलं. तिथं टेबलावर नवीन सूक्ष्मदर्शक होता. त्याच्याखाली काळ्या दगडाचा पातळ काप. ताईनं डोळा लावला. काळं काळं नव्हतंच. आत केसासारखे धागे होते, एक फिका, एक गडद, पुन्हा एक फिका, एक गडद.

"एक जोडी म्हणजे एक वर्ष," धाकटा म्हणाला. "उन्हाळा नि हिवाळा. अकरा पेट्यांतल्या सगळ्या जोड्या मोजल्या, की समुद्र किती वर्षं मेलेला होता ते कळलं. ताई, हे काम तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं नाही. बाकीचे चार दिवसांत कंटाळतील."

ताई कंटाळली नाही. दगडाचा काप काढायचा, काचेवर चिकटवायचा, आरपार दिसेपर्यंत घासायचा आणि मग मोजायचा. प्रत्येक जोडी तीनदा. जाडी किती, रंग कसा, सगळं वहीत. काही दिवशी सत्तर जोड्या व्हायच्या, काही दिवशी वीस. संध्याकाळी ती मागच्या क्वार्टरमध्ये जायची. तिथं आई अंथरुणावर होती. पडून कंबरेचं हाड मोडलं त्याला काही वर्षं झाली होती. तिला उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे ताईचं दुसरं काम. धाकटा आपल्या बायकोबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि रविवारी येऊन आईच्या उशाशी पाऊण तास बसायचा. आई त्या पाऊण तासावर आठवडा काढायची.

दुसऱ्या वर्षी एक माणूस शेडमध्ये आला. बंदरावरच्या कचेरीत समुद्राची खोली मोजायचं काम करायचा. विधुर, पन्नाशीचा, कमी बोलणारा. जुने दगड बघायला म्हणून दोन महिने येत राहिला. शेवटच्या दिवशी त्यानं सरळच विचारलं.

"तुम्ही मेलेला समुद्र मोजता, मी जिता मोजतो. एकत्र राहिलो तर जमेल असं वाटतं. आईंनाही घेऊन चला. माझं घर तळमजल्यावर आहे."

ताईला रात्रभर झोप आली नाही, आणि ते काही वाईट जागरण नव्हतं. सकाळी तिनं धाकट्याला सांगितलं. तो बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिला.

"तुझं आयुष्य आहे ताई. मी कोण अडवणार?" तो म्हणाला. "फक्त एवढंच, की मोजणी आता कुठं मार्गी लागलीय. तू गेलीस तर ती मेलीच म्हण. मी दुसऱ्याच्या आकड्यावर सही करणार नाही."

ताईनं आठ दिवस विचार केला आणि त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. काम संपल्यावर बघू, असंही लिहिलं. त्यानं वर्षभर वाट पाहिली. मग त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

सहाव्या वर्षी तिला कडेचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, टेबलाच्या कडेचा पेला पडायचा. भिंगाखालचं मात्र स्वच्छ दिसायचं. "भिंगाचा थकवा आहे ताई," धाकटा म्हणाला. "सगळ्यांना होतो. ही पेटी संपव, मग चार दिवस आराम कर." ती पेटी संपली, पुढची आली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती गेली तेव्हा नववं वर्ष होतं आणि शेवटच्या पेटीची चार बोटं उरली होती.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या, पण गोड बोलायची सवय नव्हती. "डोळ्यांतला दाब वाढलाय. आजचा नाही, कित्येक वर्षांचा. गेलेलं परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर औषधाच्या दोन थेंबांनी थांबलं असतं."

"भिंगामुळे झालं का?"

"भिंगाचा काही संबंध नाही. वेळेवर आला नाहीत, एवढाच संबंध."

आता ताईला नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. समोरचा रुपयाएवढा गोल उजेडात, बाकी अंधार. संस्थेत बोभाटा झाला की ताई आंधळ्या झाल्या. तिनं कुणाची चूक दुरुस्त केली नाही. नळीएवढं दिसतंय हे चार लोकांना समजावत बसण्यापेक्षा काठी धरलेली बरी. तशाच डोळ्यांनी तिनं उरलेली चार बोटं मोजून पुरी केली. एक लाख अकरा हजार चारशे सहा. चौतीस वह्या. आकडा सांगायला ती धाकट्याच्या खोलीत गेली, तर तो बैठकीत होता. चिठ्ठी ठेवून आली.

पुढच्या आठवड्यात ती आईच्या आजारपणामुळे तीन दिवस घरी राहिली. चौथ्या दिवशी मागच्या खोलीचं दार उघडलं, तर काठी कशालाच लागेना. टेबल नव्हतं. कपाट नव्हतं. भिंतीशी एक मोठं यंत्र खोक्यातून काढत एक माणूस उभा होता.

"या ताई," तो म्हणाला. "मी यंत्र बसवायला आलोय. सरांनी खोली मोकळी करून दिली."

"इथल्या वह्या कुठं आहेत?"

"त्या ना? रद्दीच्या गाडीत गेल्या परवा. काचा होत्या त्या फुटक्या मालात. सर स्वतः उभे होते." मग तिचा चेहरा पाहून त्यानं खुर्ची पुढे केली. "तुमचा छंद होता तो, असं सर म्हणाले. एवढी वर्षं नेटानं केलात, खरंच कौतुक आहे."

"छंद?"

"मोजणीचा. आता राखेचं वय निघाल्यावर त्या धाग्यांचा काय उपयोग? तरीही तुम्ही…"

मग त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं की तिला ठाऊकच आहे. काळ्या पट्ट्याच्या खाली आणि वर ज्वालामुखीच्या राखेचा एकेक पदर होता. राखेतल्या कणांवरून वय काढता येतं. धाकट्यानं ते कण दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. हा माणूस तेव्हा तिथंच यंत्रावर होता. उत्तर आलं होतं पाच लाख वर्षं. म्हणजे एक जोडी म्हणजे एक वर्ष नव्हेच. मोठा पूर आला की एक धागा पडायचा, मग कधी तीन वर्षांनी, कधी दहा. एक लाख अकरा हजार चारशे सहा पूर मोजून कुणाला काय कळणार?

"हे उत्तर कधी आलं?" ताईनं विचारलं.

त्यानं आठवून साल सांगितलं, महिनाही सांगितला. नवी नोकरी होती, म्हणून त्याच्या लक्षात होतं. ताईच्याही लक्षात होतं. बंदरावरच्या माणसाला नाही म्हटलं, त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट.

आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिनं आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल वापरली होती. ती उठली, त्याला पाणी हवंय का विचारलं आणि घरी गेली.

आईला भरवताना तिनं हे सांगितलं. न रडता, न ओरडता, बातमी सांगावी तसं. आईनं घास गिळला.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "त्यानं तेव्हाच सांगितलं होतं मला. तुला सांगू का म्हणून विचारायला आला होता. मीच नको म्हटलं."

ताईनं चमचा वाटीत ठेवला.

"तू गेली असतीस," आई म्हणाली. "त्या परक्याच्या घरात मी कुठल्या कोपऱ्यात पडले असते? आणि सुनेच्या हातचं मला जमत नाही, ती हात लावते ते चिमटा काढल्यासारखं. तुला काय, भिंगात डोळा घालून तू सुखात होतीस. मी आई आहे, मला दिसत होतं."

"माझे डोळे गेले आई."

"माझे पाय गेले. मी कुणाला बोलले?" आईनं तोंड उघडलं. ताईनं पुढचा घास भरवला. उरलेलं सगळं भरवलं, तोंड पुसलं, कूस बदलून दिली. मग बाहेर पायरीवर येऊन बसली. रडू येईल अशी वाट पाहिली. आलं नाही.

पुढच्या महिन्यात संस्थेत एक समिती यायची होती. धाकट्याचं नाव फार मोठ्या मानासाठी निघालं होतं. द्यायच्या आधी बाहेरच्या तिघांनी येऊन काळ्या कांड्यांतून नव्यानं नमुने काढायचे आणि त्याचे आकडे पडताळायचे, असा शिरस्ता होता. त्याच्या मते त्यात धोका काहीच नव्हता, कारण आकडे खरे होते. माणूस म्हणून तो कसाही असो, दगडाशी तो कधी खोटं वागला नव्हता.

ताईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिनं जे केलं ते तिला सोपं गेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी शेडमध्ये कुणी नसतं. ती किल्लीनं आत गेली आणि काळ्या पेट्यांपाशी बसली. अकराही डोळ्यांना सारख्याच. खोदाईच्या वेळचे फोटो होते, पण काळ्यावर काळं, पेटीच्या नंबरापलीकडे त्यांत काही दिसायचं नाही. वर कुठलं नि खाली कुठलं हे कळायला प्रत्येक कांडीवर दोन रेघा असत, डावीकडे तांबडी, उजवीकडे निळी. त्या तिच्याच हातच्या. तिनं तिसरी, पाचवी, सहावी आणि नववी अशा चार कांड्या निवडल्या. स्पिरिटच्या बोळ्यानं रेघा पुसल्या. कांड्या उलट्या केल्या. टोकं सपाट कापलेली, त्यामुळे कुठलीही कुठंही चपखल बसत होती. तिसरीच्या पेटीत नववी ठेवली, पाचवीच्या पेटीत सहावी, आणि तशाच उरलेल्या दोन. मग रुपयाएवढ्या उजेडात, पट्टी धरून, आठ रेघा नव्यानं ओढल्या. नकाशे काढणारीचा हात होता तो.

सहावी कांडी उचलताना मात्र ती थांबली. तिच्या मध्यावर एका माशाचा खवला होता, नखाएवढा. त्या सगळ्या काळ्यात सापडलेला एकमेव. वरच्या पाण्यात कुठंतरी जगून, मरून, खाली पडलेला. नऊ वर्षांत तिनं त्याच्यावरून कितीदा बोट फिरवलं होतं त्याची मोजदाद नाही. आता तो कुठल्या काळात पडला हे जगात तिच्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. तिनं कांडी उलटी करून ठेवली आणि झाकण लावलं.

समिती आली. चार दिवस नमुने काढले, महिन्याभरात आकडे आले. ताईला समोर बोलावलं तेव्हा ती काठी टेकत गेली. समितीत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्याच बोलत होत्या.

"सर, तुम्ही लिहिलंय की पाचव्या पेटीत बावीस सेंटिमीटरवर नमुना घेतला. तिथं दगडाला नमुना काढल्याचं छिद्रच नाही. जिथं छिद्र आहे, तिथले आकडे तुमच्याशी जुळत नाहीत. असं सोळा ठिकाणी आहे."

"कुणीतरी कांड्या बदलल्यात," धाकटा म्हणाला.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि ताईकडे."

तिघांनी ताईकडे पाहिलं. ती खुर्चीच्या जरा बाजूला पाहत बसली होती. बाईंनी हळू आवाजात विचारलं, "यांना दिसतं का?" आणि कुणीतरी त्याहून हळू आवाजात नाही म्हणून सांगितलं.

"कांड्या बदलल्या असतील," बाई धाकट्याला म्हणाल्या. "मग खरा क्रम कुठला, ते दाखवा. तुमच्याच आकड्यांवरून क्रम लावायचा आणि त्याच क्रमावरून आकडे खरे ठरवायचे, याला पुरावा म्हणत नाहीत. दुसरी कुठली नोंद आहे? कुणी थर लिहून ठेवलेत?"

चौतीस वह्यांत अकरा पेट्यांचा धागा न् धागा लिहिलेला होता. रद्दीच्या गाडीपाशी धाकटा स्वतः उभा होता.

मान गेला, पाठोपाठ पदही गेलं. जुने लेख मागे घेतल्याचं छापून आलं. जे कालपर्यंत दारात उभे राहायचे, ते त्याला जिन्यात पाहून वळायला लागले.

तो ताईकडे आला तेव्हा ती क्वार्टर सोडायची आवराआवर करत होती. तो आईच्या पलंगाच्या कडेवर बसला.

"ताई, तू केलंस?"

"हो."

इतक्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती.

"कुठल्या कांड्या, सांग. लिहून दे. मी तुझे पाय धरतो. तुला आठवतंय ना?"

"सगळं आठवतं. तिसऱ्या पेटीत एकूण धागे किती तेही आठवतं."

"मग सांग."

"तुला त्या महिन्यात राखेचं उत्तर आलं होतं," ताई म्हणाली. "तूही सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

"अगं, पण तो समुद्र," तो म्हणाला, आणि त्याला खरंच रडू आलं. "माझं जाऊ दे. ते जे घडलं होतं ते खरं होतं ताई. तू ते पुसलंस."

त्याचं हे बोलणं तिला लागलं, कारण तेवढं एक खरं होतं. पण ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "मी अंध बायकांच्या वसतिगृहात चाललेय. तिथं एकटीलाच घेतात. आईचे कपडे या पेटीत आहेत, औषधं वर ठेवलीत. दर दोन तासांनी कूस बदलायची. नाही बदलली तर पाठीला जखमा होतात."

आई पलंगावरून तिला हाका मारत होती. आधी रागानं, मग लाडानं, मग नुसत्याच. ताई काठी घेऊन पायऱ्या उतरली.

धाकट्याच्या घरी आई अकरा महिने जगली. पाठीला जखमा झाल्या. निरोप तीनदा आला, ताई गेली ती शेवटच्या दिवशी. सगळं आटोपेपर्यंत भिंतीशी बसून राहिली. भाऊ तिच्याशी बोलला नाही, ती त्याच्याशी बोलली नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी यंत्र बसवणारा तो माणूस वसतिगृहात भेटायला आला. वर्षातून एकदा तो यायचा. त्या दिवशी नाही म्हटलं तरी आपणच तिला सांगून बसलो, याची टोचणी त्याला होती. ताईचा उजेड आता पुरता गेला होता.

"दुसऱ्या लोकांनी शेजारच्या डोंगरात नवं भोक पाडलं," तो म्हणाला. "तिथंही काळा पट्टा लागला. चटकन मेला, हळूहळू उठला, पाच लाख वर्षं. सर म्हणाले होते तेच आलं. आता तो शोध त्या दुसऱ्या लोकांच्या नावावर लागलाय."

"काळ्यात माशाचा खवला सापडला का त्यांना?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"हं. आणि धाकट्याला कळलं?"

"कळलं. सर ते छापून आलेल्या मासिकाचा अंक घेऊन संस्थेच्या फाटकाशी गेले होते. पहारेकरी नवा, त्यानं आत सोडलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला पान उघडून दाखवत होते. मीही पाहिलं. मला थांबायचं धैर्य झालं नाही."

ताईनं विचार केला. "तिथं फाटकाशी सावली नाही ना?"

"नाही. उन्हातच होते."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं त्याला चहा घेणार का विचारलं, आणि त्याच्याबरोबर तिनंही अर्धा कप घेतला. तो गेल्यावर ती अंथरुणावर आडवी झाली. त्या दुपारी तिला चांगली गाढ झोप लागली.